चौथा रकाना

४ नोव्हेंबर

गेले आठ दिवस ज्या कामात मी गढून गेले होते, ते आज दुपारी संपले. आमच्या गावाचा इतिहास पुस्तकरूपाने निघावयाचा आहे आणि त्यातील मेंढपाळांच्या कोकणवाटेवरील प्रकरण कुंभोजकर सरांनी माझ्याकडे सोपविले आहे. सर निवृत्त होऊन चार वर्षे झाली, तरी माझ्या लेखी ते अजून मराठीच्या तासालाच उभे आहेत. दहावीला मी मराठीत तालुक्यात पहिली आले, तेव्हा त्यांनी दिलेला शब्दकोश वाचनालयात माझ्या टेबलावर असतो. वाचनालय सांभाळणे ही माझी नोकरी, आणि कोणाशी फारसे बोलावे न लागणे हा तिचा मोठा लाभ.

प्रकरणाचा गाभा म्हणजे एक तक्ता. दोन फुलस्केप कागद डिंकाने जोडून मी तो आखला. पहिल्या रकान्यात नाव, दुसऱ्यात वाट, तिसऱ्यात निघण्याचा दिवस, चौथ्यात परतण्याचा काळ. तिसरा रकाना सोपा होता. आमच्या वस्तीवरच्या खांडी, म्हणजे मेंढरांचे कळप, दिवाळीच्या पाडव्यालाच हलतात. चौथाही सोपा, कारण मृग लागण्याआधी सगळे परत येतात. मुक्काम कोकणातला असो की वाट कुंभार्ली घाटाची असो, घर इथेच.

नावे गिरजाआत्यांनी सांगितली. त्या वस्तीवरच्या सर्वांच्याच आत्या. मी घरवार विचारत होते आणि त्या खांडवार सांगत होत्या. शेवटी म्हणाल्या, “माणसं घरावार ऱ्हात असतील गं, मेंढरं खांडीवार चालत्यात. तू मेंढरांमागनं ये.” म्हणून तक्ता खांडवारच झाला. आधी बिरूची खांड, मग बाकीच्या कोकऱ्यांची, मग बरकड्यांची.

आत्यांनी स्वतःचे नावही बिरूच्या खांडीत घालायला लावले. त्या गुडघ्यांमुळे अकरा वर्षांत वेशीबाहेर गेलेल्या नाहीत. पण त्यांची चाळीस मेंढरे पुतण्याबरोबर जातात, आणि ज्याची मेंढरे गेली तो गेला, असाच आमच्याकडचा हिशेब. चौथ्या रकान्यात मी त्यांच्यापुढे बारीक अक्षरात ‘स्वतः गावीच’ असे लिहून माझे समाधान करून घेतले.

सरांनी सुरुवातीलाच बजावले होते की अठरा वर्षांवरील माणसेच घे, पोरांची गर्दी नको. तेवढ्यानेच तक्ता किती सुबक झाला.

८ नोव्हेंबर

सरांना तक्ता अतिशय आवडला. माझ्या निवेदनाविषयी ते फार बोलले नाहीत, उपमा जरा अधिक झाल्या आहेत इतकेच म्हणाले. तक्त्यावरून मात्र बराच वेळ बोट फिरवीत राहिले. प्रत्येक नावापुढे ग्रामपंचायतीचा घरक्रमांक घातल्यास नोंदीला शास्त्रीय शिस्त येईल, अशी त्यांची सूचना. मी दुपारी वस्तीवर हिंडून डाव्या समासात क्रमांक घातले. बहुतेक घरांना कुलपे, काही दारांवरचे आकडे पुसलेले. दोन-तीन ठिकाणी शेजारच्या आकड्यावरून अंदाज केला.

संध्याकाळी तक्ता पुन्हा त्यांच्याकडे देऊन मी निघाले, तेव्हा सर म्हणाले की शाळेत मराठीची जागा रिकामी होते आहे, संस्थेत त्यांच्या शब्दाला अजून किंमत आहे. मी मान खाली घालून पायाच्या अंगठ्याकडे पाहत राहिले. घरी आल्यावर आबांना सांगितले. आबा म्हणाले, “मग मला आता मास्तरणीचा बाप म्हणायचं का?” पाय मोडल्यापासून त्यांनी खांड सोडली आणि गिरणी घातली, त्यानंतर ते इतके हसलेले मी पाहिले नव्हते.

२१ नोव्हेंबर

सरांनी तक्ता परत दिला. मजकूर छपाईला गेला, मूळ तुझ्याजवळ ठेव, म्हणाले.

एका गोष्टीचे नवल वाटले. कागदाला उभी घडी पडली आहे, तिसऱ्या आणि चौथ्या रकान्यांच्या मधल्या रेघेवर, पट्टीने घातल्यासारखी नेमकी. उत्तरपत्रिकेला घडी घातली म्हणून सर आमचा एक गुण कापत. बहुधा लिफाफ्यात मावत नसावा. मी शब्दकोशाखाली ठेवला आहे. घडी आपोआप जाईल.

२ डिसेंबर

आज वाचनालयाच्या खिडकीतून एक गंमत पाहिली. अंगणवाडीच्या सुरेखाताई खळीचा डबा घेऊन वस्तीवरच्या दारांना, बहुतेक कुलूपबंदच, कागद चिकटवीत होत्या. त्यांच्याकडे दहा खात्यांची कामे असतात. लसीकरणाचे असेल, असे मला वाटले. त्यांची पाठ वळताच गिरजाआत्यांची शेळी दारोदार फिरून ते कागद खळीसकट खाऊ लागली. आत्यांच्या स्वतःच्या दाराचा तिने पहिल्याने फस्त केला. झोपेतून उठून ओट्यावर आलेल्या आत्या म्हणाल्या, “खा बाई. सरकारचं कायतरी पोटात जाऊ दे.”

मी खाली जाऊन एखादा वाचावा असे मनात आले होते; पण त्या वेळी चौकात सरपंचांची माणसे बसली होती. त्यांच्यासमोरून जावयाचे माझ्याच्याने झाले नाही.

९ जानेवारी

आज जे घडले ते क्रमाने लिहिते.

जिल्हा परिषदेची निवडणूक पाच फेब्रुवारीला आहे आणि मतदारांची अंतिम यादी शाळेच्या ओट्यावर लागली. गिरजाआत्यांना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी मला ओढून नेले. मी आमच्या वस्तीचे पान तीनदा वाचले. आत्यांचे नाव नाही. बिरूचे नाही. शेवटी ‘वगळलेली नावे’ असे वेगळे पान होते. त्यावर वस्तीवरची त्रेसष्ट नावे, आणि प्रत्येकापुढे एकच कारण: कायमचे स्थलांतर.

आत्यांनी कारणाचा अर्थ विचारला. मी सांगितला. त्या ओट्यावर टेकल्या आणि गुडघे चोळत म्हणाल्या, “मी जाऊन आले व्हय कुठं? मला सांगितलं असतं तर जरा समुद्र तरी बघून आले असते.”

लोक हसले; पण ते हसणे लवकर विरले. दर निवडणुकीला कोकणातली माणसे एका टेंपोत दाटीवाटीने बसून येतात, मत देतात आणि त्याच टेंपोने परततात. मागच्या वेळी सरपंचांचा गट एक्केचाळीस मतांनी पडला होता. हे कोणी मोठ्याने बोलले नाही. सगळ्यांच्या मनात मात्र एकाच वेळी आले.

आमच्या घरची तिन्ही नावे यादीत शाबूत आहेत. बरकड्यांची म्हातारी माझ्याकडे पाहून म्हणाली, “लकड्यांची बरी ऱ्हायली.” लकडे म्हणजे आम्ही. आबांची मेंढरे जात नाहीत, म्हणून; पण हे मला तिथे सांगता आले नाही.

११ जानेवारी

माझा संशय सुरेखाताईंवर आहे. कागद त्यांनी चिकटविले. धीर करून अंगणवाडीत गेले. पोरे खिचडी खात होती, ताई रजिस्टर लिहीत होत्या. त्यांनी मान वर न करता सांगितले की ते कागद नोटिसा होत्या: तुमच्या नावावर हरकत आली आहे, अमुक दिवशी हजर राहा. कोणीच हजर राहिले नाही. घर बंद असल्याचा पंचनामा ताईंनीच केला, कारण घर खरोखरच बंद होते.

“पण आत्या तर घरात होत्या,” मी म्हणाले.

“त्यांच्या दारावर लावली तेव्हा त्या झोपल्या होत्या. आणि माझ्यावर डोळे काढू नकोस, वैजू. हरकत मी घेतली नाही. मला वरनं यादी आली, नावनिशी, घरक्रमांकासकट. एवढी नीटनेटकी यादी आमच्या कचेरीला जन्मात जमायची नाही.”

हरकतदार एकच आहे: सरपंचांचा चुलतभाऊ पोपट. त्रेसष्ट अर्जांवर त्याची सही. पण पोपटला स्वतःच्या म्हशी मोजता येत नाहीत, हे सगळे गाव जाणते. कोणती घरे कोणत्या खांडीत जातात हे त्याला कोणीतरी सांगितले असले पाहिजे, आणि तो माणूस वस्तीचा माहीतगार असला पाहिजे. मी येता येता प्रत्येक दाराकडे त्याच दृष्टीने पाहत आले.

वगळलेल्या नावांचा क्रम मी उतरवून आणला आहे. आधी बिरूची खांड, मग कोकऱ्यांची, मग बरकड्यांची. हा क्रम वस्तीवरच्या कोणालाही तोंडपाठ असतो. त्यावरून काही निष्पन्न होत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. सरांकडे तिळगूळ घ्यायला गेले. त्यांनी माझ्या तळहातावर वडी ठेवली आणि सहज म्हणाले की तक्त्याचे मूळ पान मुद्रकाला पुन्हा हवे आहे, उद्या आणून दे.

मी म्हणाले, “शोधावे लागेल, सर.”

पान शब्दकोशाखाली आहे. ते मला ठाऊक होते. सरांशी मी आजवर कधी खोटे बोललेले नाही, आणि आज का बोलले हे घरी येईपर्यंत मला कळले नाही. आताही कळलेले नाही. उद्या नेऊन द्यावे.

१५ जानेवारी

नेऊन दिले नाही.

१८ जानेवारी

विरोधी पक्षाचे तालुक्याचे पुढारी आज आले. त्यांचा इथला कार्यकर्ता नवनाथ गेले चार दिवस वाचनालयात बसून जुनी वर्तमानपत्रे चाळीत होता. त्याच्यावरही माझी नजर होती. चौकात मंडप घातला. गिरजाआत्यांना खुर्चीवर बसवून पुढाऱ्यांनी स्वतःच्या हाताने झेंडूचा हार घातला, छायाचित्रे निघाली, लोकशाहीच्या हत्येवर भाषण झाले. आत्या हार चाचपत शेजारणीला म्हणाल्या, “यादीतनं काढली, वर हार घातला. आता मला खांद्यावर घेतील म्हणून मी उठतच न्हाई.”

संध्याकाळी नवनाथ वाचनालयाच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होता. मी आत आहे हे त्याला ठाऊक नव्हते. तो म्हणत होता की अपिलाची फार घाई नको, नावे लगेच परत आली तर मुद्दाच संपेल, निदान जिल्ह्याच्या सभेपर्यंत तरी तापत राहू दे.

म्हणजे एका बाजूने नावे काढली, आणि दुसऱ्या बाजूला ती काढलेलीच सोयीची आहेत. मी जड दार आतून लावून घेतले आणि बराच वेळ पुस्तकांना पाठ टेकून उभी राहिले. नंतर बाहेर येऊन नवनाथला म्हणाले, “अपील उद्याच करा. अर्ज मी लिहून देते. नाहीतर तुम्ही फोनवर काय बोललात ते आत्यांना सांगेन.” सलग तीन वाक्ये मी परक्या पुरुषाशी पूर्वी बोललेली नाहीत. तो माझ्याकडे नवलाने पाहत होता. म्हणाला, “तुला बोलता येतं व्हय?”

१९ जानेवारी

अर्ज दिला. सुनावणी सत्तावीसला.

२२ जानेवारी

लिहिणे भाग आहे, म्हणून लिहिते.

आज गिरजाआत्या वाचनालयात येऊन बाकावर बसल्या. म्हणाल्या, “बाकीच्यांचं कळतं गं. दाराला कुलूप दिसलं, लिवलं गेला म्हणून. पन मी हितं बसलीया. चुलीचा धूर निघतोय. मी गेले असं कुनाला वाटलं आसंल?”

त्याच क्षणी मला उत्तर मिळाले. गावातल्या प्रत्येकाला आत्या डोळ्यांनी दिसतात. पोपटलाही दिसतात. गिरजा कोकरे बिरूच्या खांडीबरोबर गेली, असे जगात फक्त एका कागदावर लिहिलेले आहे.

त्या गेल्यावर तक्ता बाहेर काढला आणि उतरवून आणलेल्या यादीशेजारी ठेवला. त्रेसष्ट आणि त्रेसष्ट. क्रम तोच. आप्पा बरकड्याच्या घराचा अंदाजाने घातलेला, चुकलेला आकडासुद्धा तोच.

सबंध अकरा दिवस मी सुरेखाताईंच्या खळीच्या डब्यावर संशय घेत होते.

सरांना हे ठाऊक नसावे. मुद्रकाकडून कोणीतरी प्रत मिळविली असेल. मुद्रक सरपंचांच्या नात्यातला आहे, असे कोणीतरी म्हणत होते.

२४ जानेवारी

सरांकडे गेले. ते पलंगावर उशीला टेकून पुस्तकाची मुद्रिते तपासत होते. मी तीन वेळा मनात घोकलेले वाक्य म्हटले: माझ्या तक्त्यावरून नावे वगळली गेली आहेत.

सर दचकले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि मला सांगितले की माहिती ही माहिती असते. तिचा उपयोग कोण कसा करील याची जबाबदारी अभ्यासकावर नसते. आठ महिने जी माणसे गावात नसतात त्यांनी गावाचा प्रतिनिधी निवडावा का, हा प्रश्न त्यांनी मला अगदी निबंधाच्या विषयासारखा घातला. मग आवाज मऊ करून म्हणाले, “वैजयंता, सुनावणीला तू जाऊ नयेस. तुझा तो पिंड नाही. चार लोकांत तुझी वाचा बसते, ते मला ठाऊक आहे. पुस्तक आठवड्यात येतंय, पहिल्याच पानावर तुझं नाव आहे. जूनमध्ये शाळेचं बघू. आणि ते मूळ पान?”

“सापडले नाही, सर.”

“सापडलं की आधी माझ्याकडे आण.”

परतताना बांधावर बसले. त्यांनी मला जे काही शिकविले, त्यातले किती परत करावे लागेल याचा विचार करीत होते.

२७ जानेवारी

तालुक्याच्या कचेरीत आम्ही नऊजण होतो. बाकीचे कोकणात, शेतकऱ्यांच्या रानांत खतासाठी मेंढरे बसविलेली, सोडून कसे येणार? बिरू तेवढा रातोरात आला होता. आबा कुबडी घेऊन आले. सर सरपंचांच्या रांगेत, पण टोकाला बसले होते.

पोपटच्या वकिलांनी एक झेरॉक्स पुढे केली. म्हणाले की हा पुरावा आमचा नाही, याच समाजातल्या, याच वस्तीतल्या उच्चशिक्षित मुलीने स्वतःच्या हस्ताक्षरात केलेली ही नोंद आहे. नाव, वाट आणि गाव सोडल्याचा दिवस. अधिकारी बाईंनी कागद पाहिला. माझे अक्षर मला दहा हातांवरून ओळखू आले. बिरूने वळून माझ्याकडे पाहिले. ती नजर मी इथे लिहिणार नाही.

“ही मुलगी आली आहे का?” बाईंनी विचारले.

मी उभी राहिले. सर म्हणाले होते तसेच झाले. मागून पोपट कुजबुजला, “मुकी हाय व्हय?” मी पिशवीतून तक्ता काढला, टेबलापर्यंत गेले आणि तो बाईंच्या समोर ठेवला, जसा मला परत मिळाला होता तसाच, घडी घातलेला. तीन रकाने दिसत होते. शेजारी झेरॉक्स. दोन्ही तंतोतंत एक.

मग मी घडी उघडली.

बाईंनी चौथा रकाना वाचला आणि तक्ता माझ्याकडे फिरवून म्हणाल्या, “तुम्हीच वाचा. सगळ्यांना ऐकू जाईल असं.”

मी वाचले. बिरू कोकरे, मृगाआधी परत. सखू बिरू कोकरे, मृगाआधी परत. पहिली पाच-सात नावे माझी मलाच ऐकू आली नाहीत. दहाव्याला आवाज फुटला. पुढे पुढे तर मागच्या बाकावरून आबा आणि बिरू माझ्याबरोबर म्हणू लागले, मृगाआधी परत, मृगाआधी परत. शिपायाने दटावले तेव्हा बाईंनी त्याला हाताने थांबविले.

आत्यांचे नाव मी मुद्दाम शेवटी ठेवले होते. वाचले, “गिरजा म्हाकू कोकरे. स्वतः गावीच.”

“त्या कुठे आहेत?”

“ही काय,” आत्या म्हणाल्या, “कोकणात.”

बाईसुद्धा हसल्या. मग त्यांनी घडीच्या रेघेवरून नख फिरवले आणि ही घडी कोणी घातली, असे विचारले. मी म्हणाले की मी हा तक्ता कुंभोजकर सरांना सपाट दिला होता आणि तो मला असा परत मिळाला. यापलीकडे मला ठाऊक नाही. एवढेच बोलले, त्यात एक शब्द कमी नाही, एक अधिक नाही. ते सरांनीच शिकविले होते. त्यांच्या रांगेकडे मी पाहिले नाही.

१ फेब्रुवारी

निकाल आला. एकसष्ट नावे पुन्हा घेतली.

दोन राहिली: आप्पा बरकडे आणि त्याची बायको. त्यांच्या नावापुढचा घरक्रमांक दप्तराशी जुळत नाही. तो आकडा मी घातलेला आहे, पुसलेल्या दारावर अंदाजाने. आप्पाला फोन केला. पलीकडे मेंढरांचा आवाज येत होता. त्याला नवा अर्ज भरावा लागेल आणि तो या मतदानाच्या आत पुरा होणार नाही, हे मी सांगितले. चूक कोणाची तेही सांगितले. तो जरा थांबून म्हणाला, “मग टेंपोत दोन जागा कमी धर.” मी क्षमा मागितली, तोवर फोन बंद झाला होता.

३ फेब्रुवारी

पुस्तके आली. वाचनालयासाठी चाळीस प्रती. पहिल्या पानावर माझे नाव आहे, काना-मात्रा चुकलेली नाही. माझ्या प्रकरणातील तक्ता सुरेख छापला आहे. त्याला तीनच रकाने आहेत.

सर वाचनालयात आलेले नाहीत. त्यांचे वर्तमानपत्र सत्तावीसपासून तसेच टेबलावर आहे, कोणी उलगडलेले नाही. जूनच्या नोकरीविषयी आबांनी विचारले नाही, मीही बोलले नाही.

दुपारी पट्टी आणि पेन घेऊन बसले. प्रत्येक प्रतीत तिसऱ्या रकान्याच्या उजवीकडे एक रेघ ओढावी लागते आणि समासात फार बारीक लिहावे लागते. एका प्रतीला पाऊण तास लागतो. आप्पाच्या नावाशी आले की घरक्रमांकही खोडून दुरुस्त करते, आणि खाली माझी सही घालते.

गिरजाआत्या बाकावर बसून पाहत होत्या. चार प्रती झाल्यावर म्हणाल्या, “चाळीस पुस्तकांत सगळ्यांचं लिवणार?”

मी होकार दिला.

“मग पैलं माझं लिव. माझं लांब हाय, तुझी शाई संपंल.”

मी पाचवी प्रत उघडली, रेघ ओढली आणि त्यांचेच नाव आधी घेतले.